दार धरणारी

“आहेस ना?”

“आहे गं. जाते कुठे?”

“दार हललं.”

“वाऱ्याने हललं. मी धरलंय. तू आटप बघू.”

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात बायकांच्या संडासाच्या दारावर हे बोलणं रोज व्हायचं. कधी काज आत आणि कॉलर बाहेर, कधी कॉलर आत आणि काज बाहेर. बाहेर असेल तिने दार दोन्ही हातांनी दाबून धरायचं, आत असेल तिने मधूनमधून विचारायचं आणि बाहेरचीने उत्तर द्यायचं. दाराला आतून कडी नव्हती. एवढीच गोष्ट.

काज आणि कॉलर ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. ती नावं फाटकाबाहेर राहायची. आत आलं की ज्या मशीनवर बसेल ते नाव माणसाला चिकटायचं. काजांच्या मशीनवर बसते ती काज, कॉलर लावते ती कॉलर, बाही जोडते ती बाही. कॉलरला तिचं नाव शोभायचं. अंगाने काटकुळी, पण मान अशी ताठ की सुपरवायझरसुद्धा तिच्याशी बोलताना आपली मान सरळ करायचा. काजचं म्हणाल तर पन्नाशी उलटलेली, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडाने फटकळ. “जन्मभर लोकांच्या नव्याकोऱ्या कपड्यांना भोकं पाडली, आणि वर त्याचा पगार घेतला,” असं ती स्वतःबद्दल सांगायची. तरण्या पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि तिच्या तोंडाला लागायच्या नाहीत.

तर ते दार. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. बाहेर अरुंद बोळ आणि बोळाच्या पलीकडे माल चढवायची जागा. तिथे पुरुष माणसं खोकी उचलून ट्रकमध्ये ठेवायची. ट्रक आला की मागचं मोठं शटर वर जायचं, वारा बोळातून सुसाट यायचा आणि दार धरलेलं नसेल तर सताड उघडायचं. बसल्या जागेवरून हात दारापर्यंत पोचत नव्हता. आतून वीट लावावी तर दार बाहेर उघडणारं, विटेचा काय उपयोग? पोरींनी एकदा खिळा ठोकून सुतळी बांधली होती. पण कंपनीत बाहेरचे पाहुणे यायचे होते, तेव्हा सुपरवायझरने स्वतःच्या हाताने ती कापून टाकली. दिसायला बरं दिसत नाही म्हणाला. सुतळी बरी दिसत नाही. बाई बरी दिसेल की नाही, याचा विचार त्याने केला नसावा.

तक्रार केली नव्हती असं नाही. सुपरवायझरला सांगितलं की तो छताकडे बघायचा आणि ‘बघतो’ म्हणायचा. मग कळलं की ते त्याचं खातंच नव्हे, मेंटेनन्सचं आहे. मेंटेनन्सचा मेकॅनिक तसा सज्जन. तो म्हणाला, वरून मंजुरी आल्याशिवाय कंपनीच्या दाराला भोक पाडता येत नाही, माझ्याच नोकरीवर येईल. एकदा कॉलरने सरळ बाजारातून पितळेची सुबक कडी विकत आणली आणि मेकॅनिकच्या हातात ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, चांगली आहे म्हणाला आणि परत दिली. ती कडी काजच्या मशीनच्या खणात जाऊन पडली. तिच्याबरोबरचे स्क्रू हळूहळू या ना त्या मशीनला लागत गेले आणि संपले. कडी राहिली. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

मग बायकांनी आपली रीत काढली. नवी मुलगी कामाला लागली की तिला मशीन दाखवायच्या आधी विचारायचं, तुझं दार कोण धरणार? नवरा निवडताना बघितलं नसेल एवढं पोरी दार धरणारी निवडताना बघायच्या. ती अर्ध्यात मोबाइल काढून बसणारी नको, हाक आली म्हणून दार सोडून पळणारी नको आणि मुख्य म्हणजे तोंडाची हलकी नको. एकदा जोडी जमली की ती जमली. दोन मैत्रिणींत अबोला झाला तरी दार धरणं सुटायचं नाही. न बोलता उठायचं, न बोलता धरायचं. खूणही ठरलेली होती. कात्री टेबलावर दोनदा टकटक वाजवली की आपल्या जोडीदारणीने उठायचं. मशीनांच्या एवढ्या घरघरीतही काजला कॉलरची टकटक बरोबर ऐकू यायची. या दोघींची जोडी सगळ्यांत जुनी होती.

आणि खरं सांगायचं तर त्या बोळातच त्यांचं आयुष्य बोलून झालं होतं. काजच्या नवऱ्याचं लांबलेलं आजारपण, त्याचं जाणं, कॉलरच्या मुलीचं शिक्षण, गुडघेदुखी, शेजारीण. एक दाराच्या आत, एक बाहेर, मध्ये लाकडाची एक फळी. तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो, असं कॉलर म्हणायची. काज तिला म्हणायची, तू आधी आटप, तत्त्वज्ञान मग.

मग आला तो नियम. माल वेळेवर जात नव्हता, वरून सुपरवायझरला झापलं गेलं, आणि वरच्याने खालच्याला झापलं की खालचा त्याच्या खालच्याला झापतो, या न्यायाने त्याने एका सकाळी जाहीर केलं की यापुढे दोघींनी एकदम जागेवरून उठायचं नाही. एकीला लागली तर दुसरी कशाला जाते? गप्पा मारायला? बाहीने चाचरत दाराचं सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, ते माझ्या हातात नाही. नियम त्याच्या हातात, कडी मेंटेनन्सच्या हातात, मंजुरी वरच्यांच्या हातात. बायकांच्या हातात तेवढं ते दार होतं, तेही गेलं.

बायकांनी पाणी पिणं कमी केलं. घरून भरून आणलेल्या बाटल्या तशाच परत जाऊ लागल्या. सहन होत नाही आणि सांगता येत नाही, अशी गत. चारचौघांत ओरडून सांगावं असं दुःख नव्हे हे. ओठ घट्ट मिटून सुईखाली बघत राहायचं.

कॉलरला साखरेचा त्रास होता. तिला फार वेळ धरवायचं नाही. त्या दुपारी तिची कात्री वाजली, टकटक. काज उठली. घड्याळाखाली उभ्या असलेल्या सुपरवायझरने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, जागेवर बसा.”

काज बसली.

कॉलरने थोडी वाट पाहिली. परत टकटक झाली, या वेळी जरा हळू. काजने मान वर केली नाही. मग कॉलर एकटीच उठून गेली. काज हातातल्या शर्टाची काजं शिवत राहिली आणि कान बोळाकडे लावून बसली. तेवढ्यात मागच्या बाजूला शटर वर जाण्याचा खडखडाट झाला.

दार कसं उघडलं, किती उघडलं, समोर कोण कोण होतं, हे नंतर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. खोकी हातात घेतलेली माणसं होती एवढं खरं. त्यांच्यातला एकजण हसला, हेही खरं. कॉलर परत आली तेव्हा तिची मान ताठच होती. तिने मशीनचं बटण बंद केलं, डब्याची पिशवी उचलली आणि कामाची पाळी संपायच्या आत समोरच्या फाटकातून निघून गेली. काजने हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही. तिच्या मशीनच्या सुईखाली अर्धी लागलेली कॉलर तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग तिच्या जागी एक नवी मुलगी बसली. तिने ती अर्धी कॉलर पूर्ण केली, शर्ट खोक्यात गेला आणि कुठल्यातरी माणसाच्या अंगावर चढला असेल. काजच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण ती आग कुणावर काढायची ते तिला कळत नव्हतं. सुपरवायझरवर? तो तर उंबरठ्यावरचा दगड, येणाराजाणारा त्याच्यावर पाय देणारच. हसणाऱ्या माणसावर? स्वतःवर? ‘बसा’ म्हटल्यावर आपण बसलो, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शाळेतल्या पोरीसारखी बसली. या वयात.

बायकांमध्ये कुजबुज वाढली. कुजबुज वाढली की साहेबांना वाटतं, कामगारांचं मन लागत नाहीये. आणि मन लागत नाहीये म्हणजे मनाला काहीतरी झालंय. दाराला काही झालं असेल असं त्यांच्या मनात येत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कंपनीने एक व्याख्याते बोलावले.

जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना बसवलं. व्याख्याते तरतरीत, हसतमुख, गालाशी छोटासा माइक लावलेले. पुढच्या खुर्च्यांवर मोठे साहेब आणि सुपरवायझर. व्याख्यात्यांनी पांढऱ्या फळ्यावर मोठ्ठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका दिला. हे वर्तुळ म्हणजे आयुष्य, म्हणाले, आणि हा ठिपका म्हणजे तुमची अडचण. तुम्ही ठिपक्याला नाक लावून उभ्या राहता, म्हणून तुम्हाला वर्तुळ दिसत नाही. चार पावलं मागे या. जगात लोकांवर काय काय कोसळतं ते बघा. भूकंपात घरं जातात, आगीत माणसं जातात. आणि आपण कशासाठी रडतो? मग त्यांनी एक युक्ती दिली. कुठलीही अडचण आली की स्वतःला विचारायचं, पाच वर्षांनी मला याचं काही वाटणार आहे का? नसेल वाटणार तर आज तरी कशाला वाटून घ्यायचं?

एकेकीला उठवून ते अडचण विचारू लागले. एकीने सासू सांगितली, हशा झाला. एकीने मुलाचं नापास होणं सांगितलं. प्रत्येक अडचणीला ते त्या पाच वर्षांच्या युक्तीने धुऊन काढत होते आणि ती खरंच फिकी पडत होती. माणूस वाईट नव्हता. मनापासून बोलत होता, आणि काजला त्याचाच जास्त राग येत होता. ती उभी राहिली.

“बोला मावशी. तुमची अडचण काय?”

“संडासाला कडी नाही.”

हॉल हसला. मोठे साहेब हसले, सुपरवायझरने बुटांकडे पाहिलं. व्याख्यातेही हसले, पण प्रेमाने.

“छान. अगदी छान उदाहरण. आता मला सांगा, पाच वर्षांनी या कडीचं तुम्हाला काही वाटणार आहे का?”

“पाच वर्षं झाली, सर.”

“म्हणजे?”

“कडी तुटून पाच वर्षं झाली. अजून वाटतंय.”

या वेळी फक्त बायका हसल्या आणि ते हसणं काही निराळंच होतं. पुढच्या खुर्च्यांमध्ये कुणी हललं नाही. व्याख्यात्यांनी फळ्यावरच्या ठिपक्याकडे पाहिलं. आता हा माणूस साहेबांकडे वळून विचारेल, काय हो, कडी का नाही लावत, असं काजला वाटलं. खरंच वाटलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

“वा! मावशींसाठी जोरात टाळ्या. पाच वर्षं एक अडचण सोसली आणि तरी आज हसत हसत सगळ्यांना सांगतायत. याला म्हणतात दृष्टी!”

आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेबांनी वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. काज त्या टाळ्यांमध्ये खाली बसली. या महिन्यात दुसऱ्यांदा आपल्याला बसवलं, असं तिच्या मनात आलं.

काजला काय मोठी दुःखं माहीत नव्हती? नवऱ्याला तिने शेवटच्या दिवसांत चमच्याने पाणी पाजलं होतं. तेव्हा कुणी फळा घेऊन आलं नव्हतं. मोठ्या दुःखाशेजारी ठेवलं की लहान दुःख लहान दिसतं, हे सांगायला गालाला माइक लावायची गरज नाही, ते शेंबड्या पोराला कळतं. पण लहान आहे म्हणजे दुरुस्त करायला सोपं, असा त्याचा अर्थ का होत नाही? लहान आहे म्हणून सोसा, हाच का होतो? भूकंप कुणाला थांबवता येत नाही हे मान्य. कडी लावता येते की नाही? आणि गंमत अशी की चार पावलं मागे जायचा सल्ला नेहमी तिला, जिच्या पाठीशी भिंत आहे. सुटीच्या दिवशी ती कॉलरच्या घरी निघाली तेव्हा रस्ताभर हेच स्वतःशी पुटपुटत होती. समोरून येणारा एक माणूस तिला वाट देऊन बाजूला झाला.

कॉलरच्या नवऱ्याने दार उघडलं. तो चांगला माणूस, बायकोच्या काळजीने खंगलेला. चहा टाकता टाकता तोही तेच म्हणाला. “वहिनी, तुम्हीच समजवा हिला. लोकांवर काय काय प्रसंग येतात. कुणी हात लावला नाही, काही नाही. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी हातचं काम सोडतं का?”

कॉलर भाजी निवडत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, काजकडेही नाही. चहा झाला, नवरा काहीतरी आणायला म्हणून बाहेर गेला. काजने घरून निघताना बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, “मी उठले होते गं.”

“माहीत आहे. बघितलं मी.”

“मग बसले.”

“तेही बघितलं.” कॉलरने एक देठ मोडून बाजूला ठेवला. “तुझा राग नाही मला. नोकरी आहे, तू तरी काय करणार? त्या हसणाऱ्याचाही नाही. दचकला बिचारा, दचकल्यावर हसतात लोक. हे म्हणतात ते खरंय, कुणी हात लावला नाही. म्हणून तर मला बोलायला तोंडच नाही. मोठं काही झालं असतं तर चार माणसं येऊन बसली असती ना?”

“मग रागावलीस तरी कुणावर?”

कॉलरने आणखी एक देठ मोडला. मग म्हणाली, “आत बसले आणि सवयीने विचारलं, आहेस ना? तू नाहीस हे मला माहीत होतं. नुकतीच तर तुला बसलेली बघून आले होते. तरी विचारलं. आणि उत्तराची वाट बघत राहिले बघ, वेड्यासारखी. तेवढ्यात शटर वर गेलं.”

कॉलरने भाजीची थाळी खाली ठेवली आणि तिच्यासाठी आणखी चहा ओतला. कामावर परत येतेस का, हे विचारायला काज आली होती. तिने ते विचारलं नाही.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा संडासाच्या दारावर एक चौकट लावलेली दिसली. काचेमागे निळं आकाश, पांढरे ढग आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘अडचण ठिपक्याएवढी, आयुष्य आभाळाएवढं’. व्याख्यात्यांनी कंपनीला अशा चौकटी भेट दिल्या होत्या. एक हॉलमध्ये लागली, एक ऑफिसात आणि एक इथे, बायकांच्या नजरेसमोर रोज येईल अशा जागी. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. नवे, चकचकीत.

काज त्या स्क्रूंकडे बघत उभी राहिली. मेकॅनिक बोळातून जात होता, त्याला तिने विचारलं, “ही तू लावलीस?”

“हो. शनिवारी सांगितलं, शनिवारीच लावली.”

“आणि दाराला भोक पाडायची मंजुरी?”

मेकॅनिक वरमला. भराभर निघून गेला.

काज जागेवर आली आणि तिने मशीन चालू केलं. एक शर्ट झाला, दुसरा झाला. तिसऱ्या शर्टाला तिने काज वेडंवाकडं पाडलं, आणि असं तिच्या हातून कधी होत नसे. तिने तो शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. मशीन बंद केलं. खण उघडला, पितळेची कडी काढली, सुई बदलायचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि उठली. सुपरवायझर म्हणाला, मावशी, कुठे? तिने ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण या वेळी ती बसली नाही.

चौकटीचा पहिला स्क्रू निघायला वेळ लागला. ड्रायव्हर लहान होता. दुसरा निघाला, तिसरा निघाला, चौकट एका कोपऱ्यावर लोंबू लागली. तोवर एकेक मशीन थांबत गेलं होतं. बाही उठून आली आणि तिने चौकट खालून धरली, पडून काच फुटू नये म्हणून. बटणं लावणारी बटण आली. पोरी बोळात गोळा झाल्या. पलीकडे खोकी उचलणारी माणसंही थबकली, मग त्यांच्यातल्या एकाने पाठ फिरवली आणि बाकीच्यांनीही फिरवली. सुपरवायझर धावत आला.

“मावशी, काय चाललंय हे? लाइन बंद पडलीय!”

“काम चाललंय.”

“परवानगी कुणाची?”

“या चौकटीला कुणाची होती?”

त्याने छताकडे पाहिलं. काजने दार उघडलं, आतल्या बाजूला कडी धरली आणि आभाळाचे चार स्क्रू एकेक करून तिच्यात पिळले. सरकवलेली कडी जिथे जाऊन बसेल ते छिद्र दाराच्या चौकटीच्या लाकडात जुनंच होतं, पाच वर्षांची माती भरलेलं. बाहीने केसातली पिन काढून ते कोरलं. कडी सरकली आणि खट्कन बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुपारी मोठ्या साहेबांनी काजला आत बोलावलं. रागावले नाहीत ते. थकल्या आवाजात म्हणाले, अहो मावशी, एवढीशी गोष्ट होती. मला एक शब्द बोलल्या असत्या तर एका दिवसात लावून दिली असती. त्यासाठी लाइन बंद पाडायची? चौकट काढून जमिनीवर ठेवायची? काजच्या मनात पाच वर्षांचं साठलं होतं. सुतळी, मंजुरी, रिकाम्या न होता घरी जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या. पण राग फार झाला की शब्द ऐन वेळी दगा देतात. ती एवढंच म्हणाली, “कॉलर गेली साहेब.”

“कोण कॉलर?”

काजने तिचं खरं नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, सुपरवायझरकडे पाहिलं, मग परत काजकडे. त्यांना तेही नाव आठवत नव्हतं. काजची अर्ध्या दिवसाची हजेरी कापायची ठरली आणि तिला जायला सांगितलं.

संध्याकाळी तिने कॉलरला फोन केला. कडी लावली म्हणाली, तुझीच. कॉलर म्हणाली, “बरं झालं. पोरींची सोय झाली.” मग मुलीचं काहीतरी बोलली, गुडघ्याचं बोलली. येते असं म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. पण काजला समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काजला जायचं होतं. सवयीने तिने कात्री उचलली आणि टेबलावर दोनदा वाजवली. कॉलरच्या मशीनवरच्या नव्या मुलीने मान वर करून पाहिलं, तिला काही कळलं नाही, तिने परत मान खाली घातली. काजने कात्री ठेवली आणि एकटीच उठली. घड्याळाखालून तिला कुणी काही बोललं नाही.

बोळ रिकामा होता. ती आत गेली, दार ओढलं, कडी सरकवली. पितळ हाताला थंड लागलं. मागच्या बाजूला ट्रकचा आवाज झाला, शटर खडखडत वर गेलं आणि बोळातून वारा आला. दार थरथरलं, पण कडीने धरून ठेवलं.

“आहेस ना?” काजने विचारलं.

बाहेरून उत्तर आलं नाही. बाहेर आता कुणी उभं राहायची गरज उरली नव्हती.